उपग्रहाने शिकविलेले शिक्षक

१९७५ सालच्या ऑक्टोबर महिन्यात आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील निवडक खेड्यांमध्ये, जेथे शाळेच्या एका खोलीत दूरचित्रवाणीचा संच आणि बाहेर तारेच्या जाळीची सुमारे दहा फूट व्यासाची छत्री उभारलेली होती, तेथे मुलांच्या जागी आसपासच्या गावांतील प्राथमिक शिक्षक येऊन बसले आणि विज्ञान कसे शिकवावे याचे पाठ त्यांनी सलग बारा दिवस घेतले. ते पाठ पृथ्वीपासून सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर स्थिरावलेल्या एका अमेरिकी उपग्रहाच्या द्वारे त्यांच्यापर्यंत पोहोचत होते. पुढील वर्षीच्या उन्हाळ्यात असाच दुसरा वर्ग झाला, आणि दोन्ही वर्ग मिळून सुमारे ४८ हजार शिक्षकांनी हे शिक्षण घेतले. आणि हे ज्या देशात घडले त्या देशातील बहुसंख्य शिक्षकांनी तोवर दूरचित्रवाणीचा संच डोळ्यांनीही पाहिलेला नव्हता.

हे प्रकरण आज जवळजवळ विस्मृतीत गेले आहे. शिक्षकांच्या सेवांतर्गत शिक्षणात तंत्रज्ञानाचा उपयोग हा विषय निघाला म्हणजे आपली दृष्टी भ्रमणध्वनी आणि संगणक यांच्या पलीकडे सहसा जात नाही, आणि जणू काही हा उद्योग काल-परवाच आरंभिला गेला अशा समजुतीने योजना आखल्या जातात, मंजूर होतात आणि काही वर्षांनी दप्तरदाखल होतात. वास्तविक दूर बसलेल्या मास्तराला शहाणे करण्याची खटपट आपल्या मुलखात दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि त्या खटपटीचा इतिहास पुरेशा सहानुभूतीने वाचला तर एक गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते: साधन कोणतेही असो, ते शिक्षकाच्या उपयोगी तेव्हाच पडले जेव्हा त्या साधनाभोवती चार शिक्षक एकत्र बसले आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापर्यंत परत आले.

इंग्रजी अमदानीच्या प्रारंभी शिक्षक तयार करण्याचा मार्ग एकच होता, तो म्हणजे माणसांना राजधानीत बोलावून शिकविणे व परत पाठविणे. मुंबईच्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली २४ शिक्षक शिकवून तयार केले, त्यांत १४ मराठी व १० गुजराती होते, आणि १८२६ च्या सुमारास ते निरनिराळ्या जिल्ह्यांत रवाना झाले. पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील नॉर्मल वर्गाची सूत्रे बाळशास्त्री जांभेकर यांच्या हाती आली. परंतु १८४६ साली ते अकाली निवर्तले. एकदा मुंबईहून निघालेला शिक्षक आपल्या गावी पोहोचला की त्याचा ज्ञानाच्या मूळ झऱ्याशी असलेला संबंध बहुधा कायमचा तुटे. त्याच्याकडे येई तो डेप्युटी इन्स्पेक्टर, ज्याला खेड्यापाड्यांतील लोक ‘दिपोटी’ म्हणत, आणि तो येई तो परीक्षा घेण्यासाठी, हजेरीपट तपासण्यासाठी व शेरा मारण्यासाठी. मास्तराची शंका ऐकून घेणे हे त्याच्या कामाच्या यादीत नव्हते.

हे अंतर तोडण्याचे पहिले यंत्र म्हणजे छापखाना. सरकारी शिक्षणखात्याच्या आश्रयाने निघणारे ‘शालापत्रक’ हे मासिक शिक्षकांसाठी होते. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुख कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी ते चालविले आणि त्यांच्या मागून ते त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांच्या हाती आले. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधु आणि दंडी या संस्कृत कवींवरील विष्णुशास्त्र्यांचे निबंध प्रथम याच पत्रकात प्रसिद्ध झाले, म्हणजे मराठी समीक्षेतील एक अव्वल दर्जाचे लेखन आरंभी मराठी शाळांतील मास्तरांसाठी लिहिले गेले होते. कोकणातील किंवा खानदेशातील एखाद्या एकशिक्षकी शाळेत, जेथे दहा कोसांत दुसरा ग्रंथसंग्रह नसेल, तेथे टपालाने येणारा तो अंक किती मोलाचा असेल याची कल्पना आजच्या वाचकाला करता येणे कठीण आहे. सरकारला विष्णुशास्त्र्यांची लेखणी मानवेनाशी झाली आणि १८७५ साली शालापत्रक बंद पडले. ज्या साधनातून शिक्षकाला स्वतंत्र विचार मिळू लागतो ते साधन सरकारी खर्चाने फार काळ चालत नाही, याचे आपल्याकडील हे बहुधा पहिले उदाहरण आहे.

त्यानंतरच्या काळात शिक्षकांसाठी मासिके निघत राहिली, काही खात्याची, काही ध्येयवेड्या व्यक्तींची. गिजुभाई बधेका यांच्या सहवासात भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९३३ पासून ‘शिक्षणपत्रिका’ मराठीत चालविली, आणि बालशिक्षणाचा नवा विचार महाराष्ट्रातील शिक्षिकांच्या घरापर्यंत नेऊन पोहोचविला. पण मासिक हे एकट्याने वाचावयाचे साधन. वाचणारा शिक्षक एकटाच राही. ही उणीव काही अंशी भरून काढण्याचा मार्ग सापडला तो शिक्षणाच्या क्षेत्रात नव्हे, शेतीच्या क्षेत्रात, आणि तोही पुण्यात.

१९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणी केंद्राने त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत १५० खेड्यांमधून शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन केली. प्रत्येक मंडळात सुमारे वीस माणसे. आठवड्यातून दोन वेळा, दहा आठवडे, एकंदर वीस कार्यक्रम. मंडळाने एकत्र बसून कार्यक्रम ऐकावयाचा, नंतर त्यावर चर्चा करावयाची, आणि निघालेले प्रश्न पत्राने आकाशवाणीला कळवावयाचे. त्यांपैकी काहींची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली आणि पॉल न्यूराथ यांनी त्याचा जो वृत्तान्त लिहिला, तो वाचल्यावर असे दिसते की ज्या गावांत मंडळे होती तेथील लोकांच्या ज्ञानात, केवळ रेडिओ असलेल्या किंवा काहीच नसलेल्या गावांच्या मानाने, लक्षणीय भर पडली. रेडिओ असलेल्या सर्व गावांना कार्यक्रम सारखेच मिळत होते. फरक पडला तो एकत्र बसण्याने आणि पत्राच्या उत्तराने. पुढे देशभर अशी मंडळे निघाली. परंतु मूळ प्रयोगातील शिस्त आणि प्रश्नोत्तरांची काळजी त्यांत टिकून राहिली नाही, आणि काही वर्षांत ती बहुतेक ठिकाणी नाममात्र उरली.

शिक्षकाला सेवेत असतानाही शिकावे लागते, हे तत्त्व सरकारदरबारी पूर्णपणे मान्य व्हावयाला कोठारी आयोगाचा अहवाल यावा लागला. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे. शिक्षणाच्या अर्थकारणाचे आणि व्यवस्थेचे इतके सूक्ष्म ज्ञान असलेला दुसरा माणूस त्या पिढीत नव्हता असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. प्रत्येक शिक्षकाला दर पाच वर्षांच्या सेवेत दोन ते तीन महिने सेवांतर्गत शिक्षण मिळावे, अशी आयोगाची शिफारस होती. शेजारच्या शाळांचे संकुल करून त्यांतील शिक्षकांनी परस्परांना साहाय्य करावे, ही कल्पनाही त्याच अहवालातली. परंतु लाखो शिक्षकांना महिनामहिना वर्गात बसविण्याइतकी प्रशिक्षण विद्यालये, तज्ज्ञ आणि पैसा कोठून आणावयाचा हा प्रश्न तसाच राहिला, आणि त्याच प्रश्नाच्या उत्तराच्या शोधात काही माणसांची दृष्टी आकाशाकडे वळली.

विक्रम साराभाई यांचे म्हणणे असे की, ज्या देशात खेडोपाडी तारा आणि मनोरे नेण्यास पन्नास वर्षे लागतील, त्या देशाने मधले टप्पे ओलांडून थेट उपग्रहाचा उपयोग करावा. १९६९ साली भारताचे अणुऊर्जा खाते आणि अमेरिकेची नासा यांच्यात करार झाला. १९७१ च्या अखेरीस साराभाई गेले, पण त्यांनी उभी केलेली माणसे मागे होती. यशपाल यांनी अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे नेतृत्व केले. उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीच्या या प्रयोगाच्या, म्हणजे ‘साइट’च्या व्यवस्थापनाची धुरा कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस यांनी वाहिली, आणि प्रमोद काळे यांच्यासारख्या मराठी अभियंत्याचाही त्या कामात मोठा वाटा होता. महाराष्ट्र हे प्रयोगातील सहा राज्यांपैकी नव्हते, तरी मुलांसाठी विज्ञानाचे कार्यक्रम ज्या ठिकाणी तयार झाले त्यांत मुंबईचा चित्रकक्ष होता, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे.

ज्या उपग्रहाने हे काम केले त्याचे नाव ए.टी.एस.-६. ३० मे १९७४ रोजी तो सोडला गेला, आणि भारताच्या वाट्याला येण्यापूर्वी एक वर्ष त्याने अमेरिकेतच सेवा केली. त्या वर्षातील एक प्रकरण आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. अमेरिकेच्या पूर्वेकडील ॲपलेशियन डोंगराळ मुलूख हा कोळशाच्या खाणींचा, गरिबीचा व एकाकी शाळांचा. तेथील शिक्षकांसाठी केंटकी विद्यापीठातून, लेक्सिंग्टन शहरातून, वाचन कसे शिकवावे आणि मुलांना व्यवसायाची ओळख कशी करून द्यावी, या विषयांचे अभ्यासक्रम याच उपग्रहावरून प्रक्षेपित केले गेले. आठ राज्यांतील पंधरा ठिकाणी शिक्षक जमत, चित्रित पाठ पाहत, हातांनी करावयाचे काम करीत, आणि काही ठराविक दिवशी होणाऱ्या प्रत्यक्ष चर्चासत्रांत ए.टी.एस.-३ या दुसऱ्या उपग्रहाच्या मार्गाने आपले प्रश्न लेक्सिंग्टनला पाठवीत. तेथील तज्ज्ञ पडद्यावरून त्यांना उत्तर देत. म्हणजे आपल्या खेड्यांतील मास्तरांना शिकविण्यापूर्वी तोच उपग्रह दुसऱ्या एका गरीब मुलखातील मास्तरांना शिकवून आला होता. फरक इतकाच, आणि तो लहान नाही, की ॲपलेशियातील शिक्षकाला उलट बोलण्याची सोय होती.

१९७५ च्या मध्यावर उपग्रह पूर्वेकडे सरकवीत पूर्व आफ्रिकेच्या माथ्यावर आणला गेला आणि १ ऑगस्ट १९७५ पासून बरोबर एक वर्ष भारतातील सुमारे २४०० खेड्यांना त्याचा लाभ मिळाला. रोज चार तास प्रक्षेपण होई. सकाळी दीड तास शाळेतील मुलांसाठी आणि संध्याकाळी अडीच तास प्रौढांसाठी. हिंदी, तेलुगू, कन्नड आणि ओरिया या चार भाषांतून कार्यक्रम होत. बहुतेक गावांत संच शाळेतच ठेवलेला असे, आणि त्याची किल्ली, त्याची निगा व त्याच्यासमोर जमणाऱ्या गर्दीची व्यवस्था पुष्कळदा शिक्षकाकडेच येई. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने हे संच बनविले. छत्रीची जाळी तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा साध्या तारेची होती. परदेशी यंत्रे विकत आणून बसविण्याऐवजी आपल्या कारागिरांच्या हातून हे सारे तयार करून घ्यावे, असा आग्रह धरणाऱ्यांनी देशाची केवढी मोठी सेवा केली हे सांगण्याला शब्द अपुरे आहेत.

शिक्षकांच्या बारा दिवसांच्या वर्गाची आखणी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या शैक्षणिक तंत्रविज्ञान केंद्राने केली, आणि तिच्यातील शहाणपण आजही अभ्यासण्यासारखे आहे. केवळ पडद्यावर व्याख्याने दाखवून काम भागणार नाही हे आखणी करणाऱ्यांनी ओळखले होते. म्हणून दूरचित्रवाणीच्या जोडीला आकाशवाणीचे कार्यक्रम ठेवले, छापील पुस्तिका दिल्या, आणि प्रत्येक केंद्रावर आधी तयार केलेला मार्गदर्शक शिक्षक नेमला, ज्याने पडद्यावरील पाठ संपताच उपस्थितांकडून प्रयोग करवून घ्यावयाचे. विषय विज्ञान, पण प्रयोगशाळेतील विज्ञान नव्हे. मडके, दोरी, पाणी, बी, माती आणि मेणबत्ती यांतून, गावच्या परिसरातून, मुलाला पाहावयाला आणि विचारावयाला कसे शिकवावे हे त्यांत मुख्य होते. ज्या शिक्षकाने आपल्या आयुष्यात विज्ञान हे केवळ पाठ करून परीक्षेत लिहिले, त्याच्यावर ते स्वतः हातांनी करून पाहण्याचा प्रसंग बहुधा या बारा दिवसांत प्रथमच आला.

प्रयोगाच्या फलश्रुतीची पाहणी झाली, आणि ती प्रामाणिकपणे झाली, ही गोष्ट आपल्याकडे दुर्मिळ असल्यामुळे आवर्जून सांगितली पाहिजे. अनेक खेड्यांत समाजशास्त्राचे अभ्यासक मुक्काम करून राहिले. मुलांवरील परिणाम फार मोठा दिसला नाही. शालेय परीक्षेतील गुणांत विशेष फरक पडला नाही, परंतु भाषेच्या विकासात आणि नवीन काही जाणून घेण्याच्या वृत्तीत वाढ आढळली. शिक्षकांच्या वर्गाचे फळ मात्र ठळक होते. दूरचित्रवाणीने मुलांना जे थेट देता आले नाही, ते शिक्षकांना देता आले. आणि माझ्या मते याचे कारण तारेच्या जाळीत नसून त्या खोलीत होते, जेथे पडदा मिटल्यानंतर मार्गदर्शक शिक्षक उभा राहत होता आणि सोबतीचे शिक्षक आपापली मडकी आणि दोऱ्या घेऊन बसत होते.

३१ जुलै १९७६ रोजी प्रयोग संपला आणि उपग्रह परत अमेरिकेकडे नेण्यात आला. काही खेड्यांना जमिनीवरील प्रक्षेपण केंद्रांमार्फत पुढे कार्यक्रम मिळत राहिले; बाकीच्या गावांतील संच मुके झाले. शिक्षकांचे तसे वर्ग उपग्रहाच्या आधाराने त्या विस्ताराने पुढील अनेक वर्षे भरले नाहीत.

१९८३ साली इन्सॅट-१ बी अवकाशात स्थिर झाला आणि भारताला दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणासाठी स्वतःच्या मालकीचा, टिकणारा उपग्रह लाभला. आता महाराष्ट्राचीही पाळी आली. नागपूर भागातील गावांतून संच बसविण्यात आले, आणि मराठीत कार्यक्रम तयार करण्यासाठी १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही संस्था स्थापन झाली. ज्यांचे बालपण १९८० आणि १९९० च्या दशकांतील महाराष्ट्रात गेले त्यांना या संस्थेचे नाव आजही जिव्हाळ्याने आठवते. मुलांच्या कार्यक्रमांच्या जोडीला शिक्षकांसाठी आठवड्यातून एक दिवस राखून ठेवलेला असे. हजारो कार्यक्रम या संस्थेने निर्माण केले, आणि मराठी शाळांच्या गरजा जाणणारे लेखक, दिग्दर्शक व शिक्षक तिच्या अंगणात वाढले. परंतु कार्यक्रम पाहून शिक्षकाने जे विचारावयाचे, ते कोणाला विचारावयाचे? संच नादुरुस्त झाला तर तो दुरुस्त कोणी करावयाचा? प्रक्षेपणाची वेळ आणि शाळेची वेळ जुळली नाही तर काय? साइटच्या काळी प्रत्येक गावामागे जी देखभालीची यंत्रणा होती, ती कायमस्वरूपी योजनेत आली नाही. निर्मितीवर खर्च होत राहिला, आणि ज्या खोलीत शिक्षक बसणार त्या खोलीची तजवीज कोणाच्याच अंदाजपत्रकात राहिली नाही. पुढे केंद्राचे अनुदान आटले, कर्मचाऱ्यांची वेतने रखडली आणि २०१७ साली बालचित्रवाणी बंद करण्यात आली. ज्या वर्षी संगणकीय शिक्षणाचे नवे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले, त्याच वर्षी तेहेतीस वर्षे मराठीत शैक्षणिक चित्रनिर्मिती करणारी संस्था बरखास्त व्हावी, यात आपल्या धोरणाचा मोठा दोष मला दिसतो. नव्या यंत्रावर दाखवावयाचे काय, हे ज्यांना ठाऊक होते त्यांनाच आपण घरी पाठविले.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर शिक्षकांच्या सामूहिक उद्बोधनाची जी मोहीम निघाली, तिच्यात १९८६ ते १९९० या चार वर्षांत १७ लाखांहून अधिक शिक्षक दहा-दहा दिवसांच्या शिबिरांना बसले. संख्या भव्य होती. परंतु राज्यस्तरावर काहींना शिकवावयाचे, त्यांनी जिल्ह्याला, जिल्ह्याने तालुक्याला, अशा रीतीने वरून खाली उतरत येणारे ज्ञान प्रत्येक पायरीवर पातळ होत गेले, आणि तालुक्याच्या शिबिरात पोहोचेपर्यंत मूळ चर्चेतील पुष्कळसे गळून पडून केवळ शीर्षके उरली. महाराष्ट्रातील कोणत्याही ज्येष्ठ शिक्षकाला या पद्धतीविषयी विचारा. तालुकास्तरावरील तज्ज्ञ मार्गदर्शकाच्या हातातील घडीपुस्तिका वाचून दाखविण्याचे ते तास त्याच्या स्मरणात असतील.

या गळतीवर उपाय म्हणून १९९६ च्या जानेवारीत कर्नाटकात जो प्रयोग झाला, तो मला साइटच्या खालोखाल महत्त्वाचा वाटतो. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, इस्रो आणि राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद यांनी युनेस्को व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या सहकार्याने २० केंद्रांवर सुमारे ८५० प्राथमिक शिक्षकांना सात दिवस एकाच वेळी शिकविले. चित्र एकाच दिशेने जात होते, पण आवाज दोन्ही दिशांनी. केंद्रावरचा शिक्षक दूरध्वनीवरून थेट तज्ज्ञाला प्रश्न विचारी आणि उत्तर सर्व वीस केंद्रांना एकदम ऐकू येई. मधले स्तर गळून पडले. आणि विशेष म्हणजे केंद्रांवर गटकार्य होई, स्थानिक सुलभक असत, शिक्षकांनी केलेले काम पडद्यावरील तज्ज्ञांच्या चर्चेत येई. त्याच वर्षी मध्य प्रदेशात जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांमधून हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. ॲपलेशियातील शिक्षकाला १९७४ साली जे मिळाले होते, ते भारतातील शिक्षकाला बावीस वर्षांनी मिळाले. पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी वाहिलेला ‘एज्युसॅट’ हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला, आणि त्याच्या पूर्वतयारीच्या टप्प्यात नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचाही समावेश होता. १९८९ साली राम ताकवले यांच्या कुलगुरुपदाखाली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने सेवेतील शिक्षकांना नोकरी न सोडता बी.एड. करण्याची वाट आधीच खुली केली होती, आणि ते काम छापील पाठ्यसाहित्य व अभ्यासकेंद्रांतील संपर्कसत्रे यांवर भक्कमपणे उभे होते. उपग्रहाच्या ग्राहकयंत्रणा मात्र पुष्कळ ठिकाणी धूळ खात पडल्या. कारण तेच, जुने.

संगणकाची कथा मी थोडक्यात आटोपतो, कारण ती वाचकांपैकी अनेकांच्या अनुभवातली आहे. १९८४ साली देशातील काही शाळांत ब्रिटनहून आणलेले संगणक आले. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले, आणि त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम शासकीय सेवकांप्रमाणे शिक्षकांनाही करावा लागला. त्याचा संबंध वेतनवाढीशी जोडला गेल्यामुळे वयाने मोठे असलेले गुरुजी आणि बाईही संध्याकाळी तालुक्याच्या गावी कळफलकावर बोटे चालवू लागले. त्या शिक्षणाने भीती मोडली, हे त्याचे श्रेय निःसंशय आहे. पण गणितातील भागाकार मुलाला का कळत नाही, या शिक्षकाच्या खऱ्या प्रश्नाला त्यात जागा नव्हती. ५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘दीक्षा’ हे वर उल्लेखिलेले राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले आणि बालभारतीच्या पुस्तकांवर चौकोनी संकेतचिन्हे (क्यूआर कोड) छापून आली. २०२० च्या महामारीत शिक्षकांसाठीचे ‘निष्ठा’ हे प्रशिक्षण त्याच व्यासपीठावर गेले. घटकामागून घटक, चित्रफीत, प्रश्नावली आणि शेवटी प्रमाणपत्र. शाळा बंद, रस्ते बंद असताना लाखो शिक्षकांपर्यंत काही ना काही पोहोचले, ही उपेक्षणीय गोष्ट नाही. तथापि प्रत्येक शिक्षक आपल्या घरी, आपल्या भ्रमणध्वनीसमोर एकटा होता. शालापत्रकाचा अंक वाचणाऱ्या १८७० सालच्या मास्तराइतकाच एकटा, आणि त्याला विष्णुशास्त्र्यांचा निबंधही मिळत नव्हता.

या काळात जे खरोखरीचे शिक्षण झाले ते पुष्कळदा योजनेच्या बाहेर झाले. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी आपसांत व्हॉट्सॲपचे समूह केले, आपले पाठ, आपली साधने, मुलांची कामे एकमेकांना दाखविली, शंका विचारल्या आणि रात्री उशिरापर्यंत उत्तरे दिली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकावर संकेतचिन्हे लावण्याची कल्पना आपल्या शाळेत आधी राबविली आणि ती मागाहून राज्याने स्वीकारली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. शिक्षक हा केवळ शिकविला जाणारा नसून इतर शिक्षकांना शिकविणाराही आहे, हे या माणसांनी आपल्या कृतीने सिद्ध केले, आणि धोरणे लिहिणाऱ्यांनी ते अजून पुरतेपणी ओळखलेले नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचे सेवांतर्गत शिक्षण अपेक्षिले आहे. कोठारी आयोगाच्या अपेक्षेपुढे ते कमी आहे, तरी ते ५० तास खरेखुरे मिळाले तर महाराष्ट्राचा चेहरा बदलेल, अशी माझी श्रद्धा आहे. त्यासाठी नवे यंत्र शोधावे लागणार नाही. महाराष्ट्राने १९९४ साली शाळांची ४८६० केंद्रे करून प्रत्येक केंद्रावर केंद्रप्रमुख नेमण्याचा हुकूम काढला. दर महिन्याला केंद्रातील शिक्षकांनी एकत्र जमावयाचे, एकाने पाठ घ्यावयाचा, इतरांनी त्यावर बोलावयाचे, अशी व्यवस्था त्यामागे होती, आणि जेथे चांगला केंद्रप्रमुख लाभला तेथे त्या संमेलनांनी शाळा पालटल्या हे मी पाहिले आहे. त्याच संमेलनाच्या खोलीत आज भिंतीवर पडदा आहे, प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी आहे, आणि पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञाला प्रश्न विचारावयाला एका क्षणाचाही विलंब लागत नाही. १९७५ साली ज्यांनी तारेच्या जाळीवर हे काम केले त्यांना इतकी साधने मिळती तर त्यांनी काय केले नसते! परंतु केंद्रप्रमुखांची कित्येक पदे वर्षानुवर्षे रिकामी आहेत, एका माणसाकडे दोन-दोन केंद्रांचा कार्यभार आहे, आणि संमेलनाचा वेळ माहितीचे तक्ते भरण्यात आणि परिपत्रके वाचण्यात संपतो. शिक्षणखात्याने ही पदे भरावीत, संमेलनाचा दिवस माहिती मागविण्यासाठी कोणालाही वापरू देऊ नये, आणि शिक्षकाने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला ठरलेल्या मुदतीत उत्तर देणारी तज्ज्ञ माणसे जिल्ह्याच्या प्रशिक्षण संस्थेत पगार देऊन नेमावीत, एवढीच माझी मागणी आहे.